माझ्या खांद्याला झेपणारं काडतूस

मस्कतच्या बाहेर, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर मी बरीच वर्षं दर शुक्रवारी सकाळी जात होते. कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टूची छोटी रायफल चालवली होती, हात बरा होता. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे ओमानला आले, मस्कतच्या रुवी भागात एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायला लागले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुणीतरी या रेंजवरच्या क्लबची ओळख करून दिली. तिथे मोठ्या रायफली होत्या, तीनशे मीटर आणि त्याहून लांबची टार्गेटं होती. बाई म्हणून मी एकटीच. परदेशी माणसाला स्वतःची रायफल ठेवणं सोपं नव्हतं, म्हणून क्लबचीच एक जुनी रायफल मला दिली होती. सेव्हन सिक्स टू काडतुसाची, जड, आणि खांद्याला टेकवायचा बट लांब असलेली.

एका हिवाळ्यात तिचा नेम बिघडला. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. श्वास, ट्रिगर, डोळा, सगळं तपासून झालं. शेवटी उस्तादला सांगितलं. हा बलुची माणूस, फौजेतून निवृत्त झालेला, रेंजवरच्या सगळ्या हत्यारांची देखभाल करायचा आणि आमच्याशी हिंदी-उर्दूत बोलायचा. त्याने नळीत दिवा घालून पाहिलं आणि रायफल बाजूला ठेवली. म्हणाला, "मॅडम, बॅरल खलास."

बॅरल बदलायची म्हटल्यावर प्रश्न आला, नवी कुठल्या काडतुसाची घ्यायची. मला वाटलं होतं, मी चालवते तर मला विचारतील.

क्लबचे प्रमुख एक निवृत्त ओमानी कर्नल होते. अतिशय सभ्य माणूस. मी आले की उठून उभे राहायचे, स्वतःच्या थर्मासमधला कहवा स्वतः ओतून द्यायचे. त्यांच्याबरोबर एक इंग्रज इंजिनिअर असायचा, त्याला प्रत्येक नव्या काडतुसाची माहिती तोंडपाठ. त्या दोघांची चर्चा सुरू झाली आणि कित्येक शुक्रवार चालली. इंजिनिअरचं म्हणणं, बाईच्या खांद्याला टू टू थ्री द्या, धक्काच बसत नाही. कर्नल म्हणायचे, ती गोळी इतकी हलकी की सहाशे मीटरवर वारा तिला कुठेही नेईल. मग इंजिनिअर तिसरंच काहीतरी काढायचा. मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसलेली असायचे. माझ्या खांद्याला काय झेपतं याबद्दल दोघंही तासभर बोलू शकत होते, आणि माझा खांदा तिथेच होता.

माझं मत मी तीनदा तरी सांगितलं. मला सिक्स पॉइंट फाइव्ह हवी होती. गोळी लांबट, वाऱ्यात टिकणारी, आणि धक्का सेव्हन सिक्स टूपेक्षा स्पष्ट कमी. जुन्या रायफलने पन्नासेक गोळ्या झाडल्या की माझ्या खांद्यावर हिरवंनिळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना हात थांबायचा. शेवटच्या दहा गोळ्यांच्या वेळी मी ट्रिगर ओढायच्या आधीच अंग आक्रसून घ्यायचे, आणि तिथेच मार्क जायचे. हे सगळं मी कर्नलना नीट समजावून सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, बरोबर आहे, आणि पुन्हा इंजिनिअरकडे वळले.

घरी येऊन माझी चिडचिड व्हायची. मुलगी शाळेत दिवसभर इंग्रजीच बोलायची, घरात मराठी बोलताना अडखळायची. तिने एकदा विचारलं, "आई, तू फ्रायडेला कायम अँग्री का असतेस?" नवरा म्हणायचा, इतका त्रास होतोय तर सोडून दे ना. त्याला त्यात काही कठीण वाटत नव्हतं.

मग एकदा इंजिनिअरने स्वतःची सिक्स पॉइंट फाइव्ह मला चालवायला दिली. त्या दिवसासाठी तरी मी त्याचे उपकार मानते. पहिल्याच गोळीला कळलं. रायफल मागे सरकली, पण ढकलल्यासारखी, ठोसा मारल्यासारखी नाही. डोळा दुर्बिणीवरून हललाच नाही. तीनशे मीटरवरच्या दहाही गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात, चहाच्या बशीएवढ्या जागेत बसल्या. उस्तादने टार्गेट काढून आणलं आणि कर्नलच्या समोर टेबलावर ठेवलं. कर्नलनी बोटाने भोकं मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ठीक आहे मॅडम, सिक्स पॉइंट फाइव्ह.

बॅरल युरोपातून यायची होती. परवाना, कस्टम्स, आणखी एक परवाना. दर शुक्रवारी मी विचारायचे, दर शुक्रवारी उत्तर यायचं, इन्शाल्ला. उन्हाळा आला, रेंज दुपारपर्यंत तापायला लागली, मी दुसऱ्यांच्या रायफली मागून मागून चालवत होते. सप्टेंबरच्या शेवटी उस्तादचा घरी फोन आला, की बॅरल बसवली आहे, या.

गेले. रायफल टेबलावर होती, नळी नवीकोरी. शेजारी काडतुसांचा डबा होता. मी एक काडतूस उचललं आणि बोटांनाच आधी कळलं. सेव्हन सिक्स टू.

उस्ताद खाली बघत होता. कर्नल आले, उभे राहिले, कहवा ओतला. मी कप हातात घेतला नाही.

"तुम्ही मला हो म्हणाला होतात," मी म्हणाले.

"म्हणालो होतो," कर्नल शांतपणे म्हणाले. "पण मॅडम, सेव्हन सिक्स टू आम्हाला इथे हवी तेवढी मिळते. तुमची काडतुसं प्रत्येक वेळी बाहेरून मागवावी लागली असती. परवाना अडकला तर तुम्ही काय झाडणार? आणि ही रायफल उद्या दुसऱ्या कुणाला द्यायची झाली तर?"

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. हेच तर जास्त लागलं. आधी सांगितलं असतं तर मी भांडले असते, कदाचित पटूनही घेतलं असतं. पण ऑर्डर कधीच बदलली होती, आणि तो सबंध उन्हाळा मला इन्शाल्ला ऐकवला गेला होता. एवढं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून नाही सांगितलं.

उस्तादने मग आपल्या परीने मदत केली. बटाच्या आत वजन घातलं तर धक्का कमी बसेल, म्हणाला. त्याने आतल्या पोकळीचं माप कागदावर उतरवून दिलं. नवऱ्याच्या ओळखीचे एक रत्नागिरीचे मुसलमान गृहस्थ होते, मस्कतच्या गाला भागात त्यांचं गॅरेज होतं. त्यांनी शिशाची लगड बरोबर त्या मापाची ओतून दिली. "वहिनी, ह्याचा करणार काय?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर हसले. शिसं घातल्यावर धक्का थोडा कमी झाला खरा. पण आता रायफल उचलून नेतानाच दंड भरून यायचे. स्पर्धांमध्ये मी सुरुवात चांगली करायचे आणि शेवटी घसरायचे, पहिल्यासारखीच. दोन हजारच्या दशकात नवऱ्याचं कंत्राट संपलं, आम्ही पुण्याला आलो, आणि माझी नेमबाजी तिथेच राहिली.

उस्ताद ईदला फोन करायचा. परत आल्यानंतर दोनेक वर्षांनी त्याने सांगितलं, क्लबमध्ये दोन नव्या रायफली आल्यात, दोन्ही सिक्स पॉइंट फाइव्ह. कर्नलसाहेबांची भाची शिकायला येते, तिचा खांदा दुखायचा. काडतुसांचं काय, मी विचारलं. येतात बाहेरून, तो म्हणाला, साहेब स्वतः जातात परवान्यासाठी.

इतक्या लांब बसून राग धरायला समोर कुणी नव्हतं, आणि त्या मुलीवर कशाला रागवायचं. शेवटी मी उस्तादला म्हटलं, "नव्या रायफलींचे बट पुरुषांच्या मापाचे असतील. तिच्या हाताचं माप घे आणि बट कापून लहान कर. ती स्वतःहून सांगणार नाही."

"जी मॅडम," तो म्हणाला, आणि मग आपल्या गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल सांगू लागला.