गयाआत्यांची भिंत

गयाआत्या रोज तिन्हीसांजेला एका रिकाम्या खोलीत धुरी फिरवायच्या आणि फिरवता फिरवता तिथल्या कुणाला तरी सांगायच्या, "पांघरून घे गं नीट. पाय उघडं टाकू नगं."

बहात्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. पुणतांब्याच्या अलीकडचं, गोदावरीकाठचं लहानसं गाव. तिथल्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक. नगरसारख्या शहरातून आलेली मी, नाकाला रुमाल लावूनच वावरत होते. शेण, धूर, डास या तिन्हींचा मला सारखाच वैताग होता. आत्यांकडे तिन्ही भरपूर होतं. माझ्या रुमालाला त्या हसायच्या आणि धुराचं घमेलं मुद्दाम माझ्या दारावरून न्यायच्या. "घ्या वाईच धूर, बाई. फुकट हाय," म्हणायच्या.

त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी गोठा. घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर कडुलिंबाचा पाला. दोन बैल आणि एक गाय, तिघांच्या पोटाखालून घमेलं फिरायचं. मग वाटीतलं करंजाचं तेल बोटांनी त्यांच्या कानांत, कासेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला चोळायचं. मी एकदा म्हटलं, "आत्या, शेपटी दिलीय की देवानं त्यांना."

"शेपटी कुठवर पुरायची वो बाई? पोटाखाली पुरंना, कानात पुरंना. मग मानसाला हात कशापायी दिल्यात?"

हे वाक्य त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल. गोठा झाला की त्या आतल्या खोलीत जायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत कुणी आजारी माणूस असेल. मग एका सकाळी दार उघडं दिसलं. आत एक बाज, तिच्यावर घडी केलेली गोधडी, आणि माणूस नाही. "आत कोण असतं?" असं विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोन न्हाई." आणि त्याच संध्याकाळी पुन्हा, "पांघरून घे गं नीट." मी माझ्या दाराला आतून कडी घातली.

पुढे त्यांनीच सांगितलं. गाईच्या कानाला तेल लावत होत्या, हात चालूच होता.

"मागल्या उन्हाळ्यात डासांच्या औषधाची फवारनीवाली मानसं आल्ती. पाठीवर पंप. गोठा मारला, सोपा मारला, ही खोली मारली. त्यांच्यातला म्होरक्या म्हनला, मावशी, पावसाळा होस्तवर भितीला हात लावू नका, सारवू नका. मी म्हनलं, बरं. अन् आठवड्यात माझी सुमी यायची हुती बाळंतपनाला. भितीवर पांढरं वघळ, खोलीत घान वास. पहिलटकरीन लेक असल्या खोलीत निजवायची व्हय? मी पांढरी माती आनली, शेन कालवलं, पार आढ्यापतुर सारवली भित. लई चकचकीत झालती."

"आणि गोठा?"

"गोठ्याच्या भिती कोन सारवतंय?"

एवढं बोलून त्या थांबल्या. बाकीचं मी इतरांकडून ऐकलं. त्या उन्हाळ्यात गोठ्यात डास टिकत नव्हता, बैल निवांत रवंथ करायचे. खोलीत मात्र औषध सारवणाखाली गेलेलं, डासांनी भिंत काळी व्हायची. सुमनला मुलगी झाली आणि पाठोपाठ थंडी भरून ताप आला. बाळंतपणाचा ताप म्हणून घरच्यांनी शेक-शेगडी केली. हिवताप असेल हे कुणाच्या मनात आलं तोवर उशीर झाला होता. सुमन त्या बाजेवरच गेली. मूल जगलं. ते घेऊन जाताना सुमनच्या सासूबाई, खर्ड्याच्या विहीणबाई, उंबऱ्यात उभ्या राहून गावासमोर म्हणाल्या, "माती लावून मारली माझी सून." त्यानंतर त्यांनी नातीचं तोंड आत्यांना दाखवलं नाही. आई लेकीसाठी खोली सारवते यात कुणाचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. आत्यांना मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःला कधीच सोडलं नाही.

मी आले त्या साली पाऊस झालाच नाही आणि पुढचं वर्ष दुष्काळाचं उजाडलं. खर्ड्याकडच्या विहिरी आटल्या, जावई आणि विहीणबाई दोघंही खडी फोडायच्या कामावर लागले. एका दुपारी जावई पोरीला कडेवर घेऊन दारात उभे. दीड-दोन वर्षांची बबी, हुबेहूब सुमनच्या नाकाची, असं बायका म्हणाल्या. "पाऊस पडेस्तवर ठेवा," जावई खाली मान घालून म्हणाले. "आईनं सांगितलंय, पोरगी जशी दिली तशी परत पायजे."

आत्यांनी पोरीला हातात घेतलं आणि सगळ्यात आधी तिचे पाय पदराखाली झाकले.

आमच्याकडेही नदी आटली होती. पात्रात हिरवी डबकी उरली होती आणि त्यांत डासच डास. बैल चारा-छावणीत गेले होते, गोठ्यात गाय एकटी. आत्या दुसऱ्याच दिवशी चालत आरोग्य केंद्रात गेल्या आणि फवारणीवाल्यांना जवळजवळ धरूनच आणलं. सगळ्या भिंती मारून घेतल्या. रेशनचं रॉकेल त्यांनी घरामागच्या डबक्यात ओतलं आणि स्वतः अंधारात बसल्या. पाडवा आला. गावात घरोघरी सारवण चाललं होतं, आत्यांच्या भिंतींवर पांढरे ओघळ तसेच. त्या ओघळांसमोर त्यांनी गुढी उभारली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं विचारलंच, "आत्या, अवदसा आलीय का घरात?"

"आली हुती, मागंच. मीच सारवून घेतली हुती तिला," आत्या म्हणाल्या.

बबीसाठी त्यांनी विरलेल्या लुगड्यांची मच्छरदाणी शिवली. धुरी झाली की पोरगी त्यात जायची आणि आत्या बाहेर, तिला टेकून बसायच्या. चोळीच्या बाह्या वर सारलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं. मी म्हटलं, "आत्या, अंगावर काहीतरी घ्या की. डास फोडून काढतायत."

"असू द्या. पोट भरलं की आत जायचे न्हाईत."

मला आधी हसू आलं. मग त्यांचे गांधींनी भरलेले दंड बघितले. ज्या बाईनं गाईच्या कानात डास बसू दिला नाही, तिनं स्वतःला त्यांच्यापुढे वाढून ठेवलं होतं.

मे महिन्यात त्यांना थंडी वाजून ताप आला. आरोग्य केंद्राच्या माणसानं बोटाचं रक्त घेतलं, कडू गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, पुन्हा भरायचा. त्या दिवसांत बबी रात्रंदिवस माझ्याकडे होती. आत्या भिंतीपलीकडून हाक मारून विचारायच्या, "बाई, पोरीचं अंग गार हाय नव्हं?" मी "गार आहे" म्हटलं की पलीकडे बाज करकरायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

पाऊस पडला. जावई आले. बबी गुटगुटीत झाली होती, तापाचा एक दिवस तिला माहीत नव्हता. आत्यांनी तिला जावयाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बघून घ्या. जशी दिली तशी हाय." एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत त्या उभ्या होत्या. त्याच संध्याकाळी पुन्हा घमेलं घेऊन खोलीत गेल्या. मला राहवलं नाही. "आता कुणाला, आत्या?"

"दोघींना," त्या म्हणाल्या.

तापानं खिळखिळी झालेली ती बाई पुढच्या हिवाळ्यात गेली. दहाव्याला खर्ड्याची माणसं आली. विहीणबाईंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, रापलेल्या, तळहातांना खडीचे घट्टे. कडेवर बबी. रडत नव्हत्या.

सुतक फिटायचं म्हणून बायकांनी घर सारवायला काढलं. सोपा झाला, स्वयंपाकघर झालं. आतल्या खोलीच्या भिंतींवर पांढरे ओघळ अजून तसेच होते; शेणमातीची पाटी घेऊन त्या तिकडे वळल्या तेव्हा मी जागची उठले. मी परगावची, शाळेतली बाई. सुतकाच्या घरात मी कोणत्या तोंडानं मधे पडणार? तेवढ्यात विहीणबाई उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"भुई सारवा. भितीला हात लावायचा न्हाई."

"अवो, पन सुतकाचं घर..."

"न्हाई म्हनलं ना. इहीनबाईंनी राखलीय ती."

मग माझ्याकडे वळून, मला काही माहीत असेल असं वाटल्यासारखं, हळू आवाजात म्हणाल्या, "ही पोरगी तिकडंबी दिवस मावळला की रिकाम्या बाजंला सांगती, पांघरून घे म्हनून. मला कळंना हिला कोन शिकवलं."

मी त्यांना सांगितलं. धुरीचं, लुगड्याच्या मच्छरदाणीचं, उघड्या दंडांचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

दिवस मावळला. गोठ्यात गाय पाय आपटायला लागली. विहीणबाईंनी कोनाड्याखालचं घमेलं ओढलं, चुलीतला विस्तव घातला, पाला टाकला. गोठ्यात जाऊन आल्या. मग बबीला कडेवर घेऊन त्या खोलीत शिरल्या. मी बाहेर सोप्यात उभी होते. धूर दारातून बाहेर आला आणि त्याच्यामागून खोकत खोकत त्यांचा आवाज आला.

"पांघरून घ्या गं दोघी. पाय उघडं टाकू नगा."