आदेशच्या लॅपटॉपची ऊब

सकुबाईचा लेक आदेश गेला तो भातकापणीच्या दिवसांत. हायवेवर मोटारसायकल घसरली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तो गार पडला होता. सकुबाईने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यागत मागे घेतला, तो पुन्हा काही लावला नाही. किन्हवलीजवळच्या त्या गावात त्यावरही बोलणारी तोंडं निघाली. बोलणाऱ्यांचं काय जातंय?

आदेशची बायको रेश्मा मात्र सासूला ओळखून होती. सकुबाईचं सगळं कळणं तळहातात होतं. भात पुरतं वाळलं का, वासराच्या अंगात ताप आहे का, तवा तापला का, हे ती हात टेकवून सांगायची आणि कधी चुकायची नाही. त्या हाताला त्या दिवशी जे कळलं, ते तिला मान्यच करायचं नव्हतं.

मागे राहिला आदेशचा लॅपटॉप. दसऱ्याला विळे-कोयते पुजायला मांडले, तेव्हा त्याने तोही शेजारी आणून ठेवला होता. "आई, माझा कोयता योच," असं हसत म्हणाला होता. सकुबाईने मग त्यावरही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. तो गेल्यावर ती रोज सकाळी तेच करू लागली, वर धूपही फिरवू लागली. संध्याकाळी रेश्मा कामाला बसली की हळूच येऊन लॅपटॉपच्या कडेला तळहात टेकवायची. तो तापलेला असायचा. तेवढ्याने तिचा चेहरा निवळायचा आणि ती चुलीकडे जायची.

घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात पूर्वजांच्या पंगतीला बसवायचा, ही घराची रीत. भावकीने सांगून पाहिलं, रेश्माच्या नणंदेने रडून पाहिलं. सकुबाई ढिम्म.

"ऊब हाय अजून घरात त्याची," ती म्हणायची. "त्याला टाकात कशी बसवू?"

चैत्र लागला आणि लॅपटॉप अचानक बंद पडायला लागला. रेश्मा शहापूरच्या एका क्लाससाठी प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. पान अर्ध्यावर आलं की पडदा काळाठिक्कर. तिने चार्जर बदलला, दुसऱ्या खोलीतला प्लग लावून पाहिला. शेजारच्या जगनला जगातलं सगळंच कळतं. त्याने व्हायरस असल्याचं जाहीर केलं, अख्खी दुपार खपला आणि आदेशने जमवलेली गाणी तेवढी पुसून गेला. लॅपटॉप बंद पडायचा तो पडतच राहिला. क्लासच्या सरांनी शेवटचं बजावलं, की आता उशीर झाला तर काम दुसरीकडे देणार. काम गेलं तर रेश्माला आसनगावच्या कंपनीत पाळीला जावं लागणार, आणि सकुबाई दिवसभर त्या घरात एकटी. तिची काळजी रेश्माला खात होती.

शेवटी ती एसटीने शहापूरला गेली. दुरुस्तीवाल्या सुनीलने लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं आणि त्याला हसू फुटलं. आतला पंखा हळदीने पिवळा झाला होता, धुपाची राख थरावर थर चिकटली होती आणि पात्यात कुंकवाने लाल झालेले तांदूळ अडकले होते. देव्हाऱ्यात ठेवता काय, असं तो विचारणार होता. पण रेश्माच्या मोकळ्या कपाळाकडे त्याची नजर गेली आणि त्याने ब्रश हातात घेतला. वारा कोंडला की हे मशीन तापतं आणि जळू नये म्हणून आपणच बंद होतं, एवढं त्याने समजावलं. बिघाड असा काहीच नव्हता. त्याने ब्रशने सगळं झाडलं, तांदूळ मात्र कागदाच्या पुडीत घालून तिच्या हातात दिले.

तिन्हीसांजेला रेश्माने प्रश्नपत्रिका एका बैठकीत संपवली आणि पाठवूनही दिली. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. मग सकुबाई आली. तिने तळहात टेकवला. जागा बदलली. पदराला हात पुसून पुन्हा टेकवला.

"आज गार हाय गो," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

पंखा साफ केला आई, म्हणून गार आहे, हे रेश्माच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. आदेशला दवाखान्यातून आणलं त्या दिवशीचाच सासूचा चेहरा समोर होता. दुसऱ्या दिवशी कामाला बसताना तिने आदेशच्या गोधडीची घडी केली आणि लॅपटॉपखाली सरकवली. वारा कोंडला. लॅपटॉप तापू लागला. बंद पडला तर पडू दे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

सकुबाई आली. हात टेकवला, ऊब लागली. पण या खेपेला तिचा चेहरा निवळला नाही. तिने खाली वाकून पाहिलं, गोधडी ओळखली आणि हलक्या हाताने ओढून काढली.

"गुदमरतोय तो," ती म्हणाली. "नको गो पोरी, माझ्यासाठी त्याला तापवू नको."

गोधडी छातीशी धरून ती खाली बसली आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. रेश्मा तिला बिलगली. बऱ्याच वेळाने सकुबाईने डोळे पुसले. पंख्यात अडकलेल्या अक्षतांचं रेश्माने तेव्हा सांगितलं, तशी तिने फळीवरची तांदळाची पुडी मागून घेतली आणि मुठीत धरली.

"उद्या सोनाराकडं जाऊ," ती म्हणाली. "टाक झाला का हेच तांदूळ त्याला वाहीन."