वापसीचं पाणी

खामगावच्या कापूस बाजारात ज्यांनी काट्यापुढे उभं राहून मापारी म्हणून जन्म काढला, ते आमचे गृहस्थ म्हणजे कल्पनाशक्तीच्या नावानं नुसता ठणठणाट होते. खरं तर ठणठणाट म्हणणंही जास्तच झालं, कारण रिकाम्या भांड्यातून निदान आवाज तरी निघतो. अख्खं वऱ्हाड धुंडाळलं असतं तरी इतका रुक्ष, इतका शेराला शेर म्हणणारा दुसरा माणूस मिळाला नसता. आणि नेमके हेच गृहस्थ आमच्या अद्भुत कथांच्या हस्तलिखितात चंद्रावरच्या स्वारीची कादंबरी लिहीत होते! एक नाही, दोन नाही, चांगले सात अंक लिहीत होते. त्या सात अंकांत त्यांचा नायक चंद्रावर जायचं राहू द्या, त्याला गावची वेससुद्धा ओलांडता आली नाही.

हस्तलिखिताचं नाव 'अचाट'. दर तीन महिन्यांनी निघायचं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, अक्षर बरं होतं, म्हणून संपादक मी, चित्रकार मी आणि लेखनिकही मीच. सगळ्यांनी आपापलं लिखाण माझ्याकडे आणून टाकायचं, मी ते जाड बांधणीच्या वहीत उतरवायचं, आणि मग ती एकुलती एक प्रत लाल फडक्यात बांधून घरोघर फिरायची. एका घरी मुक्काम दोन दिवस. शेवटची पानं कोरी असत, त्यावर वाचणाऱ्यानं अभिप्राय लिहायचा. आमचे एक कंपाउंडर माणसाला अदृश्य करणाऱ्या मलमावर लिहीत. एका वकिलाचे कारकून यक्षिणींवर लिहीत, आणि त्यांच्या सगळ्या यक्षिणी साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असल्यासारख्या बोलत. मी स्वतः समुद्राच्या तळाशी वसलेल्या एका नगरीवर लिहीत असे. समुद्र मी पाहिलेला नव्हता. मोठं पाणी म्हणून काय पाहिलं असेल तर तो जनुन्याचा तलाव. पण असल्या गोष्टी प्रतिभेच्या आड येत नाहीत असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

मापारी आधी नुसते वाचक होते. माझ्या नगरीतली राजकन्या स्वतः चुलीपुढे बसून नायकाला रांधून वाढते, असा एक मोठा हळवा प्रसंग मी घातला होता. अभिप्रायाच्या पानावर खाली वाक्य आलं : 'समुद्राचे तळाशी चूल कशी पेटली याचा खुलासा व्हावा.' माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तडक बाजारात जाऊन मी म्हणालो, "एवढं कळतं तर तुम्हीच लिहून दाखवा की!" वाटलं, गप्प बसतील. त्यांनी हातातलं वजन खाली ठेवलं, जरा डोकं खाजवलं आणि म्हणाले, "लेहतो. पन वेळ लागन मास्तर."

वेळ लागला तो असा. नायक उंद्रीचा महादू. घरी म्हातारी माय, एक बैलजोडी आणि चंद्रावर जायची हौस. पहिल्या अंकात त्याच्या मनात जायचं आलं, इथवर ठीक होतं. दुसरा अंक आख्खा परवानगीत गेला. का, तर म्हणे वऱ्हाडची जमीन निजामाची, कारभार नागपूरचा, मग वरचं आभाळ कोणाच्या हद्दीत? महादूनं अर्ज करायचा कोणाकडे? मी म्हटलं, "अहो, अद्भुत कथा आहे ही, कोण विचारतंय!" तर म्हणाले, "वापस येतानी नाक्यावर कोनी अडवलं म्हंजे?" तिसऱ्या अंकात भाकरी. ज्वारीची भाकर वाळून किती हलकी होते हे पाहायला त्यांनी घरात एक भाकर तेरा दिवस दोरीला टांगली आणि रोज सकाळी तोलली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "मास्तर, लोकं भाकर खातात, हे तोलून राह्यले. काय म्हनावं यायले?" जे म्हणायचं होतं ते बाईमाणसापुढे बोलण्यासारखं नव्हतं.

महादूच्या विमानाच्या वेगाचीही तीच रड. त्यांना माहीत असलेली गाडी एकच, खामगावहून जलंबला जाते ती. तिच्या वेगानं महादू चंद्रावर पोचेपर्यंत दोन वर्षं उलटत होती. हातापाया पडून मी त्यांना मेलगाडीपर्यंत आणलं, तेव्हा कुठे प्रवास नऊ महिन्यांवर आला. "नऊ मयने बराबर हाये," ते म्हणाले, "मानसाले या जगात यायलेबी तेवढेच लागतात." सगळ्या कादंबरीत घालण्यासारखं हे एकच वाक्य होतं, आणि तेवढं त्यांनी घातलं नाही.

एकदा मी शहाणपणा करून सांगितलं, की चंद्रावर कुठलीही वस्तू सहावा हिस्साच भरते. घरात चोरी झाल्याचं सांगावं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे शेर तिथं शेर नाई?" नाही म्हटलं. "मंग लोकं सौदा कसा करतात?" मी कपाळावर हात मारला. तीन दिवस काट्यावर त्यांचं लक्ष नव्हतं म्हणतात. चौथ्या दिवशी सकाळी दारात हजर. "मास्तर, भाकर हलकी होईन, तं माहा शेरबी हलका होईन ना? दोनी पारड्यात सारखंच झालं. तराजू तिथंबी खोटं बोलत नाई." आणि खूश होऊन त्यांनी महादूच्या सामानात एक तराजू घातला. हे मला सुचायला हवं होतं. शाळेत मास्तर मी होतो. न सुचल्याचा राग मी त्यांच्यावरच काढला. "चंद्रावर काय कापूस विकायचाय का हो?"

"मापात पाप नाई पाह्यजे," एवढंच म्हणाले. हे त्यांचं ब्रीद होतं, आणि त्या ब्रीदापायी सगळा गोतावळा त्यांच्यावर खार खाऊन असे. वहिनीचा सख्खा भाऊ पिंपळगाव राजाहून कापसाची गाडी घेऊन आला, मेहुणा काट्यावर आहे तर हात सैल सोडेल या आशेनं. यांनी तोळाभरसुद्धा इकडचं तिकडे केलं नाही, वर कापूस ओला आहे म्हणून चारचौघांत सांगितलं. तो दोन वर्षं बहिणीच्या उंबऱ्यावर चढला नाही. घरातही साखर तोलून. पाहुण्याला चहा घातला तर तोही मापानं घातल्यासारखा वाटायचा.

इकडे अभिप्रायाच्या पानांवर लोक पेटले होते. 'महादू निघाला काय?' 'महादूस आमचे आशीर्वाद, परंतु त्वरा करावी.' एका शेतकरीणबाईंनी तर लिहिलं, 'मागच्या साली वाचायला घेतलं तेव्हाचा कापूस विकून झाला, नवा पेरला, महादू अजून घरीच.' संपादक म्हणून माझी अब्रू जायची वेळ आली. अशातच सातवा हप्ता आला, त्यात नुसतं पाणी. बारा शेरांचा एक घडा, असे जायचे चाळीस. आमच्याकडे माप घेताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, सुरुवातीलाच बरकत यावी म्हणून. मापाऱ्यांनी चाळीसच्या चाळीस घडे तसे मोजले होते. लाभ, दोन, तीन, चार... दर घड्याला एक ओळ. आणि तळाशी : 'वापसीचे चाळीस पुढील अंकी.'

पुढील अंकी! माझं डोकंच फिरलं. लेखणी माझ्या हातात होती. मी घड्यांच्या ओळी सगळ्या गाळल्या आणि माझ्या मनानं लिहून टाकलं, 'इतक्यात दारूला बत्ती लागली, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि महादूचे विमान आकाशात झेपावले!' खाली धुराचं झकास चित्र काढलं. लाल फडकं घरोघर निघालं आणि अभिप्रायांचा नुसता पाऊस पडला. 'शाबास!' 'उडाला एकदाचा!' मी मिशीला पीळ देत हिंडत होतो. मापाऱ्यांचं घर यादीत अकरावं होतं.

ते शाळेत आले, वर्ग चालू असताना. बाजाराचा दिवस होता. ऐन बाजारात काटा सोडलेला त्या माणसाला कोणी पाहिलं नव्हतं. दारात उभे, हातात लाल फडकं.

"मास्तर, हे काय केलं? वापसीचं पानी राह्यलं ना."

मी हसत म्हणालो, "अहो, लोकांना केवढं आवडलंय! अभिप्राय तर बघा."

"पायले. पन तो येईन कसा?"

"कोण?"

"महादू."

पोरं कान टवकारून ऐकत होती. मला शरमल्यासारखं झालं, आणि शरमलो की मी चिडतो. "अहो मापारी, कागदावरचा माणूस तो! कागदावर कुठे तहान लागते का?"

त्यांनी फडक्याची गाठ सोडली, परत घट्ट मारली. "कागदावरचा असन. पन आपल्या भरवशावर बसला होता ना तो त्याच्यात," म्हणाले, आणि फडकं माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

त्यानंतर त्यांनी 'अचाट'ला एक ओळ दिली नाही. वहिनी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तुमचा महादू उडाला तवापासून यायले भाकर गोड लागत नाई." मी हसण्यावारी नेलं. पुढचा हप्ता मीच लिहिला. महादूला चंद्रावर सात राजकन्या भेटवल्या, सोन्याचा महाल दिला. अभिप्रायाच्या पानावर कोणीतरी एकच वाक्य लिहिलं, 'हा महादू तो नव्हे.' बाकी पान कोरं. त्यापुढचा अंक निघालाच नाही, आणि ते लाल फडकं आमच्या घरी भाकऱ्या गुंडाळायला गेलं.

पाच-सहा वर्षं गेली. रस्त्यात दिसले की ते मान हलवायचे, मी घाईत असल्याचं दाखवायचो. एका उन्हाळ्यात त्यांनी मला बाजाराच्या तोंडाशी अडवलं. "मास्तर, येकडाव काट्यावर या."

"काऊन?" चिडलो की माझ्याही तोंडी वऱ्हाडी येते.

"काम हाये."

गेलो. मला पारड्यात बसवलं, कापसाच्या गाठोड्यासारखं! मी जोडे काढायला लागलो तर म्हणाले, "राहू द्या, जोडे लागतीन." उन्हानं जीव कासावीस झाला होता; त्यांच्या माठातलं पाणी मी एक पेला प्यालो, दुसरा प्यालो, तिसरा प्यालो. ते बघत होते. मग पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाले, "एक मन एकतीस शेर. जा आता." शाळेत जाऊन मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. मास्तरमंडळी पोट धरधरून हसली.

नंतर नजर अधू झाली म्हणून त्यांनी काटा सोडला आणि वहिनीला घेऊन उंद्रीला, आपल्या गावी राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी एक वही आणून दिली. "तुमच्या अक्षरात उतरवून द्या. घाई नाई." मी उघडूनही पाहिली नाही, कपाटावर टाकून दिली. आणखी चाळीस घडे वाचायची माझी छाती नव्हती.

वर्षभरानं वहिनी आली. कपाळ मोकळं होतं. मी काही बोलायच्या आधी तिनंच विचारलं, "उतरवलं काय हो मास्तर? शेवटपावतर पुसत होते."

"चाललंय," मी म्हणालो. धडधडीत खोटं बोललो.

"होऊ द्या सवडीनं. तेच म्हनत, मास्तरच्या मांगं लागू नोको."

ती गेल्यावर मी वहीवरची धूळ झटकली. पहिल्याच पानावर दुसरं विमान. 'महादू उतरला तिथेच थांबला आहे. पाणी येणार हे त्यास ठाऊक आहे. ज्यांनी घाईने धाडले तेच पाणी घेऊन जातील. मास्तर, वजन जोड्यासकट एक मण एकतीस शेर.' प्रथम मी भडकलोच. म्हटलं, गेल्यावरसुद्धा हा गृहस्थ मला पारड्यात बसवतोय! पण वही ठेववेना. माझ्या भाकरी होत्या, वाळल्यावरचं वजन काढून. परवाना होता. जायचे घडे चाळीस. आणि मग वापसीचे ऐंशी, महादूचे आणि माझे. लाभ, दोन, तीन, चार... अधू नजरेनं लिहिलेल्या वाकड्यातिकड्या ओळी. या खेपेला मी एकही गाळली नाही. ऐंशीव्या ओळीखाली आणखी एक होती :

'वर घडा एक. मास्तरास तहान लई लागते. वजन बारा शेर वाढते, सबब तराजू खाली ठेवला.'

झालं. मला रडू फुटलं. सख्ख्या मेहुण्याला ज्यानं तोळाभर जास्त दिलं नाही, त्यानं मला घडाभर पाणी वर दिलं, आणि त्यासाठी तराजू उतरवून ठेवला. पुढची पानं कोरी आहेत. विमान निघाल्याचं त्यांनी लिहिलेलं नाही, आणि मीही लिहिणार नाही.

वही मी उतरवायला घेतली आहे. वाचणारं आता कोणी उरलेलं नाही, तरी लाल फडकं धुऊन ठेवलंय. रोज सकाळी एक घडा उतरवतो, जास्त नाही.