पेटीतून सुटलेले रातकिडे

आमचा मामा वायरमन. दोन खोल्यांच्या घरात त्याने सरडा पाळलाय आणि त्याच्या खाण्यासाठी लाकडी पेटीत रातकिडे. शिवणकाम करणाऱ्या मामीने बजावलं होतं, "एक जरी किडा माझ्या कापडावर दिसला, तर सरड्यासकट सगळं लटांबर घराबाहेर!"

किड्यांना चढता येऊ नये म्हणून पेटीच्या आतल्या कडेला गुळगुळीत चिकटपट्टी लावतात. परवा मामाने जुनी पट्टी काढली आणि मग पाहिलं, तर नवी संपलेली. वायरमनच्या घरात चिकटपट्टी नाही! तो दुकानातून धावत येईपर्यंत पेटी रिकामी.

मग त्याने कोपऱ्याकोपऱ्यात अंड्यांचे ट्रे ठेवले, त्यांत गाजराच्या चकत्या. अंधार आणि खाणं दोन्ही मिळाल्यावर तासाभरात मंडळी आत जमली. मामाने हुश्श केलं, तोच मामी येऊन मशीनवर बसली आणि ड्रॉवरमधून किर्रर्र सुरू झालं. मामा जोरजोरात खोकू लागला.

"पुरे ते खोकणं," म्हणत मामीने ड्रॉवर उघडला, किडा अलगद रिळाच्या डबीत घेतला आणि पेटीत सोडला.

"अगं, तू चिडली नाहीस?"

"गेल्या महिन्यात तीन सापडले होते. बोभाटा केला असता, तर शब्दाप्रमाणे सरड्याला बाहेर काढावं लागलं असतं. राहू दे बिचाऱ्याला."