कठड्यातलं कढत पाणी

सोलापूरच्या उन्हाला सगळेच नावं ठेवायचे. मी मात्र कॉलेजात असताना त्या उन्हाच्या चक्क प्रेमात पडले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुठल्याशा मासिकात उन्हावर पाणी तापवायच्या यंत्राचं चित्र पाहिलं आणि डोक्यात भूतच शिरलं. नवी पेठेत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चादरींचं दुकान होतं. माल बांधायच्या कागदांवर मी चित्रं काढत सुटले: डाळ शिजवणारी खिडकी, पापड भाजणारं छप्पर, पोस्टमनला रस्त्यातच चहा उकळून देणारी टोपी. टोपीचा कागद चुकून एका गिऱ्हाइकाच्या चादरीभोवती गेला, तेव्हा अप्पांनी घर डोक्यावर घेतलं.

त्याच वर्षी आमच्या घरावर वरचा मजला चढत होता. कठडा तर बांधायचाच आहे, मग तो नुसता उभा का राहावा? दक्षिणेकडचा कठडा उतरता बांधायचा, त्यात काळे रंगवलेले नळ बसवायचे, वर काच. त्याहून उंचावर, जिन्याच्या खोलीच्या भिंतीत, ड्रम, आणि त्यातून खाली न्हाणीत नळ. नळातलं पाणी तापलं की आपोआप ड्रममध्ये चढणार, गार पाणी खाली उतरणार. पंप नको, सरपण नको, धूर नको! हे सगळं मी एका दमात सांगितलं. गवंडी अप्पांकडे बघायला लागला आणि अप्पा आभाळाकडे.

मला पुण्याला जाऊन आर्किटेक्ट व्हायचं होतं. हा विषय काढला की अप्पा वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. या वेळी त्या वर्तमानपत्राआडूनच आवाज आला.

“गड्ड्याच्या जत्रंत, अक्षतेच्या दिवशी पहाटे माझी अंघोळ कढत पाण्यानं झाली, तर जा पुण्याला. न्हाई झाली तर कठडा फोडायचा, जुना बंब परत लावायचा, आणि तुझ्यासाठी स्थळं बघायची.”

मी जागच्या जागी गिरकी मारली. गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, संक्रांतीच्या दिवसांत भरते, आणि देवाच्या लग्नाची अक्षता हा तिचा मोठा दिवस, म्हणजे हातात वेळ होता. पण अप्पा तसे हुशार होते. अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत, आणि ही अंघोळ उजाडायच्या आत व्हायची. दिवसा तापलेलं पाणी पहाटेपर्यंत टिकवायचं होतं.

कठडा झाला. पहिल्याच दुपारी ड्रममधलं पाणी इतकं तापलं की हात लावून मी किंचाळले आणि नाचले, दोन्ही एकदमच. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा किंचाळले. पाणी गारढोण होतं.

मी ड्रमभोवती गिरणीतला टाकाऊ कापूस ठासून भरला. तरी गारढोण. मग दुकानातली एक चादर गुंडाळली, मग आणखी एक, मग चांगली जाडजूड, मोराच्या नक्षीची. “ड्रमला पांघरूण आणि मी हितं कुडकुडतोय,” अप्पा न्हाणीतून ओरडले. मी दिवसभर कॉलेजात, सुट्टीच्या दिवशी कापूस आणि काच शोधत पेठा पालथ्या घालत असायची, आणि घरी पोचायची ती दिवे लागल्यावर. तोवर पाणी निवलेलं. हे ऊन जातं कुठे, तेच मला कळेना.

अक्षतेच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र मी घरी होते. गच्चीवर हसण्याखिदळण्याचा आवाज आला म्हणून वर गेले. जिन्यापासून ड्रमपर्यंत गल्लीतल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या कमरेवर कळशी. आणि ड्रमच्या तोटीपाशी माझी अव्वा, म्हणजे आई. तिचं माहेर दुधनीचं, आनंद झाला की तिच्या तोंडी कन्नड यायचं. “बिसी नीर! बिसी नीर!”, गरम पाणी, गरम पाणी, म्हणत तिनं पहिलीची कळशी भरली. “माझ्या लेकीनं उन्हातनं काढलंय. घ्या की, लाजताय कशाला?”

“अव्वा, रोज वाटतेस हे?”

“व्हय की. बाया वाढायलाच लागल्यात रोज.”

“मग ड्रम?”

“दिवे लावायच्या आधी काठोकाठ भरून ठेवते की. तिन्हीसांजेला घरात पाण्याचं भांडं रिकामं ठेवतात व्हय?”

गरम पाणी सगळं गल्लीला, आणि अप्पांच्या वाट्याला तिन्हीसांजेचं ताजं गार! माझं पुणं ती माझ्याच कौतुकापायी कळशीकळशीनं वाटून टाकत होती. मला भयंकर राग आला आणि तितकंच भयंकर हसू. सगळं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला.

“म्हंजे मीच की गं अडवून ठेवलं तुला.”

“अगं अव्वा, ड्रम चालतोय! कधीपासूनच चालतोय!” मी तिला धरून गच्चीभर नाचवलं. बायका रिकाम्या कळश्या घेऊन बघत राहिल्या.

जन्मात कुणाला रिकाम्या हातानं न पाठवलेल्या अव्वानं तोटी घट्ट बंद केली. मग खाली जाऊन संक्रांतीसाठी वळलेले तिळाचे लाडू आणले आणि प्रत्येक रिकाम्या कळशीत एकेक टाकला.

तिन्हीसांजेला ती सवयीनं बादली भरून वर आली. ड्रम एका कळशीनं रिता होता, आणि ते तिला माहीत होतं. मी जिन्यातून बघत होते. तिनं झाकणाला हात लावला, थांबली, आणि भरलेली बादली तशीच ड्रमच्या शेजारी ठेवून दिली.

अक्षतेच्या पहाटे आम्ही दोघी न्हाणीच्या दाराला कान लावून उभ्या राहिलो. तोटी सुटल्याचा आवाज आला. तांब्या बुडाल्याचा आला. मग काहीच नाही. आणि मग अप्पा गुणगुणायला लागले. एक तांब्या, पुन्हा तांब्या, गाणं काही संपेना. अव्वानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

“अहो, जत्रंला जायचंय न्हवं?” तिनं बाहेरून विचारलं.

“जत्रा कुटं पळून जात न्हाई.”

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. कान लाल, अंगातून वाफा. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

“पुण्याला थंडी लई असती म्हणं,” ते अव्वाला म्हणाले. “हिला दुकानातली नवी चादर दे. ड्रमावरची काढू नको.”