एक जूनची दोन पोरं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. एकदा मित्रांच्या बैठकीत अगदी जिभेवर आलं होतं — गिळलं. आज सांगतोय, पण आधीच बजावतो : मला समजून घेऊ नका. 'अहो, लहान होता तुम्ही' असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लहान? लहान नव्हतो, तेच तर सांगायचंय.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. सोळा वर्षांखालील गट, प्रथम क्रमांक. पाहुणे आले की आबा, म्हणजे माझे वडील, त्याच्याकडं बोट करायचे. मी चहाचं निमित्त करून आत सटकायचो. लोक म्हणायचे, पोरगं गुणाचं आहे, लाजतंय. गुणाचं!

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. कळमनुरीच्या एका सायकल दुकानदारानं पुण्यात बीएमएक्सची शर्यत पाहिली आणि त्याला वेडच लागलं. त्यानं माळावर मुरमाचे ढीग टाकून उंचवटे केले, आडवी-तिडवी वळणं केली, चार हौशी माणसं गोळा करून मंडळ काढलं. लहान चाकांच्या त्या खास सायकली आमच्याकडं कुठल्या? मडगार्ड, कॅरियर, स्टँड काढून टाकलं की झाली शर्यतीची सायकल. डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघं जायचो — मी आणि मारोती.

मारोती धनगराचा. त्याचे वडील सटवाजीमामा दरसाल आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायचे. मारोती आणि मी पहिलीपासून एका वर्गात. माझी सायकल कोरी. त्याची कोणीतरी टाकून दिलेली, तिला ब्रेकच नव्हते. चप्पल चाकाला घासून थांबायचा. आणि तरी — तरी तो पुढं असायचा. मला याचा संताप यायचा. अजून येतो, खोटं कशाला बोलू?

गुणांची रीत सोपी होती. जो नंबर तेवढे गुण. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं खाली. ज्याचे गुण कमी तो वर. दिवाळीनंतर पाच शर्यती, त्यातली सगळ्यात वाईट एक सोडून द्यायची, उरलेल्या चारांची बेरीज. बेरजेत वरचा, तो औरंगाबादच्या शिबिराला. एकच जागा. तिथं नाव काढलं तर राहणं, जेवण, शाळा, सगळं त्यांचं. माझ्यासाठी ती चैन होती. मारोतीसाठी ती मेंढरांमागून सुटायची एकच वाट होती, आणि हे मला पुरतं ठाऊक होतं. वाटेत सायकल ढकलताना तो दुसरं काही बोलायचाच नाही.

चार शर्यती झाल्या. मारोतीचे पाच गुण, माझे सात. घरी मी बीजगणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. शेवटची शर्यत मी जिंकली आणि तो उतरलाच नाही, तरी माझी बेरीज सहा. त्याची पाच. म्हणजे आता सायकल चालवून मी त्याला गाठू शकत नव्हतो. मग त्याच पानावर मी त्याचं नाव खोडून पाहिलं. बाद झालेल्याच्या खालचे सगळे एक-एक नंबर वर सरकतात, हा मंडळाचा नियम. माझे सगळे दोन — एक झाले.

आधी ही बेरीज केली. न्यायबिय मला नंतर आठवला.

आता वयाचं सांगतो. आमच्या शाळेत निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. कागद कोणाकडं असायचे? मास्तर पोरांना रांगेत उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात पुरला की वय झालं — लिहा एक जून. त्या दिवशी मारोती माझ्या पुढं उभा होता. माझा हात कानाच्या पाळीपर्यंत आरामात गेला. त्याचा बोटभर कमी पडला. मास्तर म्हणाले, 'चालतंय, घ्या त्याला.' दोघांच्या नावापुढं एकच तारीख, एकच साल.

आणि आमच्या घरी ट्रंकेत माझी पत्रिका होती. मी ती पाहिली होती. तिच्याप्रमाणं मी कागदावरच्या वयापेक्षा सव्वा वर्षानं मोठा होतो. सोळा वर्षं मला कधीच उलटून गेली होती. समजलं ना तुम्हाला? वय चोरलेलं पोरगं मीच होतो. आणि हरकतीचा अर्ज मी लिहिला — मारोतीचं वय जास्त आहे म्हणून. त्याला मिसरूड फुटलंय, असंही लिहिलं. खाली आबांनी सही केली. आबांना पत्रिका पाठ होती. पण मी आबांच्या आड लपणार नाही; अक्षर माझं होतं.

दुकानामागच्या खोलीत मंडळ बसलं, आबाही खुर्चीवर होते. अध्यक्ष म्हणाले, एक जून म्हणजे मास्तरचा अंदाज, दुसरा पुरावा आणा. सटवाजीमामा दाराशी उकिडवे बसले होते. "सायेब, लेकरू जल्मलं तवा आमी मेंढरं घेऊन रानात होतो. कागद कोन करनार?" एवढंच म्हणाले. मग अध्यक्षांनी मला विचारलं, तुझीही तारीख तीच, तुझ्याकडं काय? मी म्हणालो, घरी पत्रिका आहे, तिच्यातही एक जूनच आहे. दाखव, असं कोणी म्हणालं नाही. आमच्या घराला 'दाखव' म्हणायची पद्धतच नव्हती! त्या माणसांवर मी आजही दातओठ खातो. एकानं, फक्त एकानं विचारलं असतं तर?

पण खरं ते याच्यापुढंच आहे. मारोती उभा राहिला. "माहा हात कानाला पुरला नव्हता, सायेब. मी लहान हाय." सगळे हसले. ते मास्तर वारलेले, साक्ष कोण देणार? मग तो माझ्याकडं वळला.

"तू सांग ना. तू माह्या मागंच होता. काहून गप हायस?"

त्याला अर्ज कोणी केला हे तोवर कळलेलं नव्हतं. तो मला आपल्या बाजूचा समजत होता! माझ्या तोंडाकडं आशेनं बघत होता, आणि मला त्या बघण्याचाच राग आला — कसला हा भोळसट, असं वाटलं. मी म्हणालो, "मला याद न्हाई."

चार शब्दही नाहीत. तेवढ्यात त्याचा निकाल लागला.

फळ्यावर त्याच्या नावावर रेघ मारली आणि पुढं 'खोटे वय' असं लिहिलं. बाहेर पडताना सटवाजीमामांनी आबांना हात जोडले, आणि आबांनी ते घेतले. मी शेवटची शर्यत जिंकली, औरंगाबादला गेलो आणि तिथं पहिल्याच फेरीत शेवटून पहिला आलो. आठ दिवसांत परत. मारोती त्या वर्षीच शाळा सोडून मेंढरांमागं लागला. म्हणजे ती जागा माझ्याही उपयोगाची झाली नाही. नासवली मी ती नुसती. चोरानं निदान चोरलेलं खावं तरी!

अर्ज कोणाचा होता, हे पुढं त्याला कळलंच असणार. गाव आहे, राहतंय काय झाकून? पण तो कधी बोलला नाही. रस्त्यात भेटला की 'बरं हाय का' म्हणायचा. मी त्याच्याशी तुसडेपणानं वागायचो, चारचौघांत उगाच खेकसायचो. ज्याचं वाटोळं केलं त्याच्यावरच डाफरत राहिलो, वर्षानुवर्षं.

काही वर्षांनी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तो बोकडं घेऊन उभा दिसला. सोबत त्याचा मेव्हणा. मी नजर चुकवून निघालो होतो, पण त्यानं हाक मारली. मेव्हण्याला म्हणाला, "ह्ये आमच्या गावचे मालक. सायकलीत जिल्ह्यात पयले आल्ते."

मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मेव्हणा कौतुकानं माझ्याकडं बघत होता, मारोतीही बघत होता. मी तेव्हा पोरगा नव्हतो. आबा शेजारी नव्हते, कसली जागा पणाला नव्हती, कोणाची भीती नव्हती.

"व्हय का, मालक?" मेव्हण्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.