उजेडाने सोडलेला फोटो

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगू लागलं की मी हसायचो. पण नव्वदच्या आसपासची ही गोष्ट माझ्याच हातून घडली, म्हणून लिहितोय.

तेव्हा मी नौपाड्यातल्या एका स्टुडिओत कामाला होतो. माझा मित्र हरी ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. त्याच्या बहिणीच्या हळदीचे फोटो काढायला गेलेलो. छत्तीसच्या रोलमधून सदतिसावा फोटो ओढून काढायचा, ही आम्हा फोटोग्राफरांची खोड. रोल संपला तेव्हा हरीची आई म्हणाली, "अरे, यांचा एक काढ ना. कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाय."

हरीचे बाबा लाजले. "माझं कशाला? लगीन पोरीचं हाय!"

"मग काय, तुमाला आता कोण पोरगी देतंय? बसा गप!"

सगळे हसले. मी फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर जोर लावून ओढला आणि तो फोटो काढला.

त्या जोराने फिल्म आत डबीपासून तुटली होती. गुंडाळायची चावी हलकी फिरली, मला वाटलं फिल्म डबीत परत गेली. भर उन्हात कॅमेरा उघडला… आणि सगळी फिल्म उघड्यावर! झटकन झाकण लावलं. नंतर डार्करूममध्ये फिल्म काढून ठेवली, पण हरीला "रोल लॅबमध्ये आहे" असंच सांगत राहिलो.

महिन्याभरात त्याचे बाबा झोपेतच गेले. हरीची आई, म्हणजे आमच्या काकी, स्टुडिओत आल्या. "त्यांचा तेवढा फोटू दे रे. भिंतीला लावायला दुसरा नाय."

निदान जळकी फिल्म दाखवून खरं सांगावं, म्हणून रोल धुवायला दिला. फिल्म काळीठिक्कर आली — फक्त शेवटची फ्रेम स्वच्छ. आतल्या वेढ्यातली एखादी वाचली असती तर समजलो असतो. ही तर शेवटची, म्हणून वेढ्यांच्या सगळ्यात वर, थेट उन्हात होती! त्यात बाबा, हळद लागलेल्या गालाने, हसताना.

प्रिंट देताना मी सगळं सांगितलं. "बाकीचे जळाले, काकी. माझ्या चुकीने. वर खोटंही बोललो."

त्यांनी पदराने फोटो पुसला. मग म्हणाल्या, "पोरीचे पुन्हा काढशील. यांचा कुठून आणला असतास?"

त्यांनी मला माफ केलं. पण लॅबवाल्यापासून जुन्या फोटोग्राफरांपर्यंत कितीजणांना विचारलं, उन्हाने नेमकी तीच फ्रेम का सोडली, हे कुणालाच सांगता आलेलं नाही… मलाही नाही.